सीमाभागातील ‘ट्रेझर हंट’: कोडी कुठे फसतात आणि या चुका कशा टाळाव्यात

दूरचित्रवाणीवरील खजिनाशोध पाहून बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मंडळे आणि महाविद्यालये असे खेळ भरवू पाहतात. तेव्हा खेळ बहुधा कठीण कोड्यामुळे नव्हे, तर कोडे रचणाऱ्याने नियम अर्धवट सांगितल्यामुळे फसतो.

सांकेतिक लिपीचेच पाहा. ‘प्रत्येक अक्षर तीन घरे पुढे सरकवा’ एवढीच सूचना दिली आणि उत्तर ‘कमळ’ असले, तर वर्णमाला ‘ळ’पाशी संपते असे मानणाऱ्याला ‘घलग’ मिळते, तर क्ष आणि ज्ञ धरणाऱ्याला ‘घलक’. दोघेही बरोबर असतात आणि वाद मात्र परीक्षकाच्या टेबलावर येतो. ङ आणि ञ मोजायचे की नाहीत, काना-मात्रा जागीच राहतात की नाही, हेही चिठ्ठीवर लिहावे. शिवाय कोडे रचणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून तरी ते आधी सोडवून घ्यावे. या कामाला सहसा कोणालाच वेळ नसतो, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा गोंधळ अंकांचा. आपल्याकडे पाट्यांवर कन्नड अंकही असतात. कन्नड एक जवळजवळ गोल असल्याने घाईत शून्य वाटतो, म्हणून अंकावर बेतलेल्या सूचनेत कोणती लिपी अभिप्रेत आहे ते स्पष्ट करावे. सनांचेही तसेच. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर इसवी सन 1204 मधील आहे; शक हवा असेल तर 78 वजा करून 1126 येतात, पण जानेवारी ते मार्चच्या तारखांना 79 वजा करावे लागतात.

ब्रिटनच्या चॅनल फोरवर 1982 मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेझर हंट’मध्ये स्पर्धक स्टुडिओत नकाशे आणि पुस्तके घेऊन बसत, तर धावणारी निवेदिका हेलिकॉप्टरने फिरे, सूचना पाच आणि वेळ 45 मिनिटे. आपले संघ मात्र चौघेही दुचाकीवरून निघतात आणि बेळगावातील टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी एकत्र अडकतात. एकाने नकाशा घेऊन टेबलापाशी बसावे, हे माझ्या मते सर्वांत स्वस्त सुधारणेचे काम आहे. आयोजकांनीही गेट बंद असण्याचा वेळ धरूनच मुदत ठरवावी.

संरक्षित वास्तूंवर चिठ्ठ्या चिकटवू नयेत. बस्तीच्या छतावरील कमळासारखी, जी नुसती पाहून उत्तर मिळेल, अशी खूण निवडावी आणि किल्ल्यात लष्कराचा वावर असल्याने परवानगी आधीच घ्यावी.