हा ब्लॉक रिकामा आहे, हे तुला कोणी सांगितलं?

सकाळी लॅबमध्ये आले तर रात्रभर चालायला लावलेली चाचणी मध्येच थांबलेली. एका फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळत नव्हता. फाइल उघडून पाहिली, तर मधले ६४ केबी नुसते शून्य. डिस्कवरच्या नोंदी तपासणारं एफएससीके चालवलं, ते म्हणे सगळं ठीक. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये एक ओळही नाही. दोन आठवड्यांपूर्वी त्या भागातल्या पॅचवर, म्हणजे कोडमधल्या प्रस्तावित बदलावर, 'तपासला, ठीक आहे' असं मीच लिहिलं होतं.

मी तेव्हा पुण्यात एका स्टोरेज कंपनीत दुसऱ्या वर्षाला होते. कंपनीची स्वतःची फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे ते सांभाळणारी व्यवस्था, होती आणि तिच्यात रिकामी जागा डिस्कला परत करण्याची, म्हणजे डिसकार्डची सोय नव्याने येत होती. पॅच मी ओळ न् ओळ वाचला होता. एरर कोड, मेमरी सोडणं, नावं, सगळं बघितलं होतं. आमच्या टीममधले ज्येष्ठ सर शेजारी येऊन बसले, कोड वर-खाली केला आणि म्हणाले, "अगं, हा ब्लॉक रिकामा आहे हे तुला कोणी सांगितलं? आणि डिस्कला निरोप पोचेपर्यंत तो रिकामाच राहील, याची हमी कोणी घेतली?"

डिसकार्डच्या कोडचा रिव्ह्यू, म्हणजे तपासणी, करायची तर हे दोन प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा. बाकीचं सगळं त्यांच्या मागोमाग येतं.

आधी मुळातली गोष्ट. आपण फाइल पुसतो तेव्हा फाइलसिस्टम फक्त आपल्या बिटमॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरचे कुठले ब्लॉक (जागेचे ठरावीक तुकडे) भरलेले आणि कुठले मोकळे त्याच्या तक्त्यात, 'हे ब्लॉक मोकळे' अशी नोंद करते. एसएसडीला याचा पत्ताच नसतो. ती तो मेलेला डेटाही जपते आणि आतली साफसफाई करताना इकडून तिकडे हलवत बसते. त्यात तिचा वेगही जातो आणि आयुष्यही. म्हणून 'ही जागा आता नको' असं तिला सांगावं लागतं. लिनक्समध्ये २.६.३७ पासून, म्हणजे २०११ च्या सुरुवातीपासून, यासाठी फिट्रिम नावाचा आयओसीटीएल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला करायची खास विनंती, आहे. एफएसट्रिम ही आज्ञा तोच वापरते. चुकीच्या ब्लॉकवर साधं लिहिणं झालं तर निदान तिथे काय लिहिलं गेलं ते तरी दिसतं. चुकीचा ब्लॉक डिसकार्ड झाला, तर काहीच उरत नाही.

आता सरांचा दुसरा प्रश्न. लिनक्समधल्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टमचा कोड उघडा. ब्लॉक वाटपाच्या, म्हणजे एमबॅलॉक नावाच्या फाइलमध्ये ट्रिमचा, म्हणजे मोकळी जागा डिसकार्ड करण्याचा, भाग आहे. ब्लॉक ग्रुपचं, म्हणजे ब्लॉकांच्या एका गटाचं, लॉक घेऊन (ते असेपर्यंत दुसऱ्याला तिथे वाटप करता येत नाही) सलग मोकळ्या ब्लॉकांचा पट्टा शोधला जातो. हे लॉक स्पिनलॉक आहे, ते धरून झोपता, म्हणजे कशाची वाट पाहत थांबता, येत नाही. डिस्कला डिसकार्ड पाठवायचं तर थांबावं लागतं, म्हणजे लॉक सोडणं भाग. आणि लॉक सोडलं की त्याच क्षणी दुसरा एखादा प्रोसेस तोच पट्टा आपल्या फाइलसाठी घेऊ शकतो. म्हणून ईएक्सटी४ लॉक सोडण्याआधी तो पट्टा 'वापरात आहे' असा मांडून ठेवते. मग लॉक सोडते, डिसकार्ड पाठवते, पुन्हा लॉक घेते आणि पट्टा मोकळा करते. ही मांडणी फक्त मेमरीत होते, डिस्कवरच्या बिटमॅपला हात लागत नाही, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जागा अडकून पडत नाही.

आमच्या पॅचमध्ये नेमकी ही मांडणी नव्हती. लॉक सोडलं, डिसकार्ड निघालं, तेवढ्यात चाचणीतल्या कॉपीने तेच ब्लॉक घेतले, त्यांत लिहिलं, आणि मागून डिसकार्ड पोचलं. नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या, म्हणून एफएससीके गप्प. ज्या ओळी पॅचमध्ये नाहीत त्या वाचायला मला त्या दिवशी पहिल्यांदा शिकवलं गेलं.

पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे 'कोणी सांगितलं?'चं उत्तर बहुतेकदा 'बिटमॅपने' असं येतं. तेवढ्यावर थांबू नका. फाइल पुसली पण जर्नलमध्ये, म्हणजे बदल आधी टिपून ठेवायच्या वहीत, तो व्यवहार अजून पक्का झाला नाही, आणि मशीन बंद पडलं, तर पुन्हा सुरू झाल्यावर फाइल परत येते. तिचे ब्लॉक आधीच डिसकार्ड केले असतील तर परत येतं ते नुसतं कलेवर. म्हणून 'डिसकार्ड' पर्याय देऊन माउंट केलं, म्हणजे फाइलसिस्टम वापरासाठी जोडली, तर ईएक्सटी४ पुसलेल्या ब्लॉकांचं डिसकार्ड व्यवहार पक्का झाल्यावरच पाठवते. याच विचाराची एक छोटी तपासणी मला फार आवडते: फाइलसिस्टम जर्नल न चालवता, म्हणजे त्यात टिपलेले व्यवहार लागू न करता, माउंट केली असेल, तर ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइलसिस्टम फिट्रिमला नकार देतात. जर्नलच चाललेलं नाही, तर बिटमॅपवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

मग येतं गणित. वापरकर्ता सुरुवात, लांबी आणि किमान पट्टा असे तीन ६४ बिटांचे आकडे देतो. एफएसट्रिमला काहीच सांगितलं नाही तर लांबी म्हणून सर्वांत मोठा आकडा जातो: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. सुरुवात ४०९६ असेल आणि कोणी या दोन्हींची सरळ बेरीज केली, तर उत्तर येतं ४०९५. म्हणजे शेवट सुरुवातीच्याही आधी! आधी दोन्हींचे बाइट ब्लॉकमध्ये बदलून मग बेरीज केली की हा घोळ होत नाही. असे कोपरे एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टमच्या चाचणीसंचातली जेनेरिक २६० ही चाचणी बरोब्बर शोधते. जेनेरिक २५१ दुसऱ्या अंगाने जाते: एकीकडे सतत कॉपी आणि पुसणं, दुसरीकडे ट्रिम, आणि अधूनमधून चेकसम. आमची रात्रीची चाचणी तिच्याच धर्तीवर होती.

एक खुणेचा प्रकारही बघून ठेवा. तोच ग्रुप पुन्हा पुन्हा ट्रिम होऊ नये म्हणून ईएक्सटी४ त्यावर 'ट्रिम झाला' अशी खूण मेमरीत ठेवते. ४ केबीच्या ब्लॉकांना एक ग्रुप १२८ एमबीचा असतो. पूर्वी ग्रुपमधले पहिले १६ एमबी ट्रिम केले तरी खूण अख्ख्या ग्रुपवर लागायची, आणि पुढच्या १६ एमबीसाठी आज्ञा दिली की काहीच व्हायचं नाही. २०२२ मध्ये हे दुरुस्त झालं. कुठल्याही पॅचमध्ये अशी खूण दिसली की विचारा: ती लागते कधी, निघते कधी, आणि अर्धवट काम झालं तर काय?

हे सगळं घरच्या लॅपटॉपवर बघता येतं, एसएसडीसुद्धा लागत नाही. १ जीबीची पोकळ फाइल (आकार मोठा, पण डिस्कवर जागा न घेणारी) बनवा, तिच्यावर ईएक्सटी४ घाला, फाइललाच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या लूप डिव्हाइसने माउंट करा. आत ३०० एमबी लिहा, सिंक करा (मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवा) आणि बाहेरून डीयू या आज्ञेने फाइलची खरी जागा मोजा. मग आतली फाइल पुसून पुन्हा सिंक करा. डीयूचा आकडा जवळपास तसाच राहतो. आता एफएसट्रिम चालवा, आकडा धाडकन खाली येतो, कारण लूप डिव्हाइस डिसकार्ड आलं की फाइलमध्ये भोक पाडतं. लगेच पुन्हा एफएसट्रिम चालवलं तर '० बाइट' असं उत्तर येतं: ही ती खूण. अनमाउंट करून परत माउंट केलं की पुन्हा मोठा आकडा. मी नवीन मुलांना कोड दाखवण्याआधी हेच करायला लावते, आणि शक्यतो क्यूईएमयूच्या आभासी मशीनमध्ये, म्हणजे फसलं तरी आपली डिस्क शाबूत.

पॅचला उत्तर देताना शब्दांचं वजनही सांभाळा. 'रिव्ह्यूड-बाय' म्हणजे मी विचारपूर्वक तपासलं आणि माझ्या माहितीप्रमाणे यात अडचण नाही, असं जाहीर करणं. फक्त चालवून पाहिलं असेल तर 'टेस्टेड-बाय' द्या, त्यालाही मान आहे. स्पेस आणि टॅबच्या चुका चेकपॅच ही स्क्रिप्ट सांगते, त्यात आपला जीव घालवू नका. काय तपासलं आणि काय नाही, हे दोन्ही लिहा. मी अजूनही लिहिते: 'लॉक सोडल्यापासून पुन्हा घेईपर्यंतचा मार्ग पाहिला, २५१ आणि २६० चालवल्या, जर्नल नसलेली फाइलसिस्टम पाहिलेली नाही.' अशा एका उत्तरावर पॅच लिहिणाऱ्याने त्याच संध्याकाळी कळवलं की जर्नल नसताना त्यानेही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पॅचची दुसरी आवृत्ती आली, चार ओळींनी वाढलेली.