पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच: नवा पीसी असा सुरू झाला

लक्षण असं: बटण दाबलं की पंखे फिरतात, कीबोर्ड उजळतो, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मदरबोर्डवरचा 'सीपीयू' लिहिलेला लाल दिवा विझत नाही. बोर्ड बी६५० चिपसेटचा, प्रोसेसर एएमडीच्या रायझन ९००० मालिकेतला.

रॅम काढून परत बसवली, ग्राफिक्स कार्ड काढून बोर्डाच्याच एचडीएमआयला केबल लावली, प्रोसेसरची ८ पिनची वायर तपासली. डोकं पार उठलं.

खरी गोम बोर्डाच्या वयात होती. बी६५० बोर्ड २०२२ पासून विकले जातात, ही प्रोसेसर मालिका आली ऑगस्ट २०२४ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डातला जुना बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, तिला ओळखत नाही. म्हणून बोर्डाच्या मागच्या बाजूचं फ्लॅशबॅक बटण वापरायचं; त्याने पीसी सुरू न करताच पेनड्राइव्हवरून नवा बायोस टाकता येतो.

दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची बायोस फाइल उतरवा, झिप उघडा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलंच नाव द्या. इथे एक अक्षरही इकडचं तिकडे नको. पीसी बंद, पण पॉवर सप्लायचा स्विच चालू. पेनड्राइव्ह मागच्या खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच. बटण दाबून धरा (अनेक बोर्डांवर ३ सेकंद), दिवा लुकलुकला की सोडा. लुकलुकणं आपोआप थांबेपर्यंत वीज जाता कामा नये; इन्व्हर्टर असेल तर उत्तम.

मग रॅमची एकच पट्टी ए२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, बसवून पीसी चालू करा. स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. डीडीआर५ रॅमचं मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चाललेलं असतं, तेव्हा बटणाला हात लावू नका. बायोस दिसला की पीसी बंद करून दुसरी पट्टी बी२ मध्ये.