ॲडब्लॉकरमुळे बुडणारी कमाई: आधी मोजा, मग भांडा

"वाचकानं ॲडब्लॉकर लावलाय? मग त्याला पानच दाखवू नका." ॲडब्लॉकर म्हणजे पानावरच्या जाहिराती अडवणारं साधन, आणि हा सल्ला मला पुष्कळांनी दिला आणि एकदा मी तो ऐकलाही. गच्चीवरच्या बागेबद्दल मी मराठीत एक संकेतस्थळ चालवते. त्यावर मी आडवी पाटी ठोकली: ब्लॉकर बंद करा, तरच लेख दिसेल. तिसऱ्या दिवशी एका काकांची मेल आली. "ताई, ब्लॉकर म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. मिरचीवरच्या चुरडामुरड्याचा लेख उघडत नाही, एवढंच कळतं." त्यांच्याकडे ब्लॉकर नव्हताच. होतं ते गावातलं रडतखडत चालणारं नेट.

पाटी त्याच रात्री काढली. त्यानंतर जे शिकले ते खाली आहे. ॲडसेन्सचं, म्हणजे आपल्या पानांवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेचं, खातं कसं उघडायचं, कोड कुठे चिकटवायचा, हे यात नाही. ते तुम्हाला येतं असं धरून चालते.

ब्लॉकर अडवतो तरी काय

बहुतेक ब्लॉकर काय अडवायचं ते सांगणाऱ्या नियमांच्या याद्यांवर चालतात. ईझीलिस्ट ही त्यातली एक जुनी आणि मोठी, 2005 पासूनची. भारतीय संकेतस्थळांसाठी इंडियनलिस्ट नावाची वेगळी यादीही आहे. यादीत नियम मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक, अमुक पत्त्यावरून येणारी कुठलीही फाईल आत घेऊ नका. गूगलच्या जाहिराती ज्या सर्व्हरवरून येतात तो पत्ता यात असतोच. दोन, पानातल्या ज्या चौकटीचं नाव जाहिरातीसारखं वाटतं ती लपवा. हा दुसरा नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

यूब्लॉक ओरिजिन, ॲडब्लॉक प्लस ही एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम. ब्रेव्ह ब्राउझर मुळातच जाहिराती अडवतो. शिवाय अँड्रॉइड 9 पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आलं, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारी सेवा आपण निवडायची सोय. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव टाकलं की फोनभर बऱ्याच जाहिराती बंद. पण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसत नाही, आणि आपला मराठी वाचक बहुतांशी तिथेच असतो. म्हणून इंग्रजी लेखांतले टक्के वाचून छाती दडपून घेऊ नका. माझ्याकडे ब्लॉकर लावणारे निघाले ते लॅपटॉपवर वाचणारे: पुण्या-बंगळुरातली आयटीतली मंडळी आणि परदेशातली मराठी घरं. संख्येनं थोडे, पण परदेशातल्या वाचकाला दिसणाऱ्या जाहिरातीचा दर इथल्यापेक्षा बराच जास्त असतो. म्हणजे वाचक थोडे जातात आणि पैसे त्या मानानं जास्त जातात.

पायरी 1: स्वतःचं घर झाडा

ॲड्स डॉट टीएक्सटी ही फाईल (आपल्या जाहिराती विकायची परवानगी कोणाला आहे ते सांगणारी) जागेवर आहे का, ते ॲडसेन्समध्ये बघा. युरोपातल्या वाचकांसाठी वाचकाची माहिती वापरायची परवानगी विचारणारी, गूगलनं मान्य केलेली संमतीची चौकट लागते, 16 जानेवारी 2024 पासून. ती नसेल तर लंडन-म्युनिकच्या वाचकांमागे मिळणारे पैसे घसरतात आणि आपण खापर ब्लॉकरवर फोडतो. आपोआप आवाज करत सुरू होणारे व्हिडिओ, उडी मारून समोर येणाऱ्या चौकटी, मोबाईलवर 30 टक्क्यांहून जास्त जागा खाणाऱ्या जाहिराती काढून टाका. त्रासदायक जाहिराती कोणत्या ते ठरवणाऱ्या 'कोअलिशन फॉर बेटर ॲड्स' या संघटनेच्या नियमांत या बसत नाहीत, आणि त्या नियमांचं वारंवार उल्लंघन करणाऱ्या संकेतस्थळांच्या सगळ्या जाहिराती क्रोम स्वतःच अडवतो, 2019 पासून जगभर. अर्ध्या तासाचं काम.

पायरी 2: मोजणी

इथे मी तीन महिने घालवले आणि पहिले दोन फुकट गेले.

पहिली चूक: मी गूगल ॲनालिटिक्सला, म्हणजे वाचक मोजणाऱ्या गूगलच्या सेवेला, विचारलं. ब्लॉकर लावलेल्यांची मोजणी म्हणून त्यात एक वेगळी नोंद (इव्हेंट) टाकली आणि आकडा आला नगण्य. मी खूश. मग लक्षात आलं की बरेच ब्लॉकर ॲनालिटिक्सलाही अडवतात. जो माणूस मोजायचाय तोच त्या वहीत येत नाही. लग्नाला न आलेल्यांची यादी आहेराच्या वहीतून काढण्यासारखं झालं हे. तेव्हा कोणी तुम्हाला ॲनालिटिक्समधला 'ॲडब्लॉक टक्का' दाखवत असेल तर चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसरी चूक: मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणी काय मागवलं त्याची नोंदवही, उघडला, त्यातल्या पानांच्या आकड्यातून ॲडसेन्समधला आकडा वजा केला. आता फरक एवढा आला की रात्री झोप लागेना. पण त्या लॉगमधली निम्मी वर्दळ माणसांची नव्हतीच. ते होते बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम: शोधयंत्रांचे बॉट, लेख उचलून नेणारे बॉट, कुलूप उघडतंय का ते बघत फिरणारे बॉट. तेव्हा हाही आकडा टाका.

मोजणी आपल्याच डोमेनवरून करायची, आणि पान माणसाच्या ब्राउझरमध्ये खरोखर उघडल्यावर करायची. मी असं करते. सर्व्हरवर तीन बारकी रिकामी चित्रं ठेवते. पान उघडून काही सेकंद गेले आणि वाचकानं थोडं तरी खाली सरकवलं की छोटी जावास्क्रिप्ट त्यातलं एक चित्र मागवते. कोणतं मागवलं ते लॉगमध्ये उमटतं. नंतर तिन्हींची संख्या मोजायची, बस्स. आयपी पत्ते जपून ठेवू नका. आपल्याला माणूस नको, संख्या हवी.

त्या चित्रांची नावं ठेवताना 'ॲड', 'पिक्सेल', 'ट्रॅक', 'काउंट' असले शब्द रोमन लिपीत कुठेही येऊ देऊ नका, नाहीतर याद्यांतला एखादा नियम त्यांनाही गिळेल. माझ्या चित्रांची नावं तुळस, झेंडू आणि गवती चहा अशी आहेत.

आता तीन का? इथेच सगळे घसरतात. पानावरची जाहिरातीची जागा रिकामी असण्याची कारणं तीन आहेत, एक नाही.

जाहिरात आली, ही पहिली स्थिती. तेव्हा ॲडसेन्स आपल्या चौकटीवर 'डेटा-ॲड-स्टेटस' नावाची खूण लावतो आणि तिच्यात 'फिल्ड' (भरली) असं लिहिलेलं असतं. तुळस.

जाहिरात मागितली, पण गूगलकडे द्यायला नव्हती. खूण लागते, पण तिच्यात 'अनफिल्ड' (रिकामी) लिहिलेलं असतं. मराठी पानांवर हे होतं, विशेषतः पावसाळ्यात माझ्याकडे फार. यात ब्लॉकरचा काडीचा संबंध नाही. झेंडू.

खूणच लागली नाही. म्हणजे ॲडसेन्सची स्क्रिप्ट पोचली नाही किंवा चालली नाही. गवती चहा. पण यातही दोन जाती आहेत: ब्लॉकर आणि ढिम्म नेट. त्या काकांना मी या दुसऱ्या जातीपायी हाकलून दिलं होतं, कारण माझी स्क्रिप्ट एका सेकंदात निकाल लावत होती. टूजीच्या वेगावर एका सेकंदात पानाचं शीर्षकही येत नाही. आता मी पान पूर्ण चढल्यावर दहा सेकंद थांबते आणि मगच खूण बघते. त्याआधी वाचक गेला तर तो कुठेच मोजायचा नाही.

'स्क्रिप्ट आली नाही तर एरर येतो, तोच पकडा' असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. नेट तुटलं तरी तोच एरर येतो. उलट यूब्लॉक ओरिजिन कित्येकदा खऱ्या स्क्रिप्टच्या जागी स्वतःची पोकळ स्क्रिप्ट ठेवतो. पानाला वाटतं सगळं आलं, एरर येतच नाही. म्हणजे निरपराध पकडला जातो आणि ब्लॉकरवाला सुटतो. 'आमिषाची चौकट' ही दुसरी लोकप्रिय युक्ती: जाहिरातीसारख्या नावाची खोटी चौकट ठेवायची आणि तिची उंची शून्य झाली का बघायचं. ती थोडी बरी, पण फोनवर प्रायव्हेट डीएनएस लावलेला वाचक तिच्यातून निसटतो, कारण डीएनएस पत्ते अडवतं, पानातल्या चौकटी लपवत नाही. मी दोन्ही एकत्र धरते: खूण नाही आणि आमिषही लपलं, तर नक्की ब्लॉकर. खूण नाही पण आमिष दिसतंय, तर संशयाचा फायदा वाचकाला.

मोजणी पंधरा दिवस चालवा, तीही सणासुदीची नव्हे. मोबाईल आणि संगणक वेगवेगळे मोजा. समजा संगणकावरची 1000 पानं मोजली गेली आणि त्यात 200 नक्की ब्लॉकरवाली निघाली, मोबाईलवरच्या 4000 मध्ये 120. तर तुमचं काम संगणकावर आहे, मोबाईलला हात लावायची गरज नाही. आणि झेंडूचा आकडा गवती चहापेक्षा मोठा निघाला, तर पुढची पायरी विसरा आणि थेट चौथीवर जा. माझ्याकडे तेच झालं होतं! तीन महिने मी ज्याच्याशी भांडत होते तो माझा मुख्य चोर नव्हताच.

एक इशारा. फुकटच्या सेवेवर संकेतस्थळ असेल तर सर्व्हरचा लॉग हाताशी नसतो. मग एखादं स्वस्त होस्टिंग आपल्या डोमेनच्या सबडोमेनवर घेऊन ती तीन चित्रं तिथे ठेवा. त्याखेरीज ही मोजणी जमत नाही, कोणी काहीही म्हणो.

पायरी 3: एकदाच विचारा

ॲडसेन्समध्ये 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग'खाली ब्लॉकरवाल्यांना दाखवायचा तयार संदेश आहे. तो वापरा. बाहेरचं प्लगइन नको. संदेश बंद करायचं बटण वाचकाला मिळेल अशी निवड करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लॉकर कंपनीनं बसवलेला असतो आणि बिचाऱ्याला तो काढता येत नाही.

मजकूर मात्र स्वतः लिहा. तयार मजकूर सरकारी नोटिशीसारखा वाटतो. माझा असा आहे: "नमस्कार. इथले लेख जाहिरातींवर चालतात. या संकेतस्थळापुरता ब्लॉकर बंद केलात तर मदत होईल. नाही केलात तरी वाचा, स्वागत आहे." खाली दोन बटणं. 'जाहिरातींवर क्लिक करून आम्हाला आधार द्या' असं चुकूनही लिहू नका. क्लिक मागणं ॲडसेन्सच्या नियमात बसत नाही, खातं बंद होऊ शकतं.

गूगलची जाहिरात-स्क्रिप्ट स्वतःच्या सर्व्हरवरून, नाव बदलून पाठवणारी प्लगइन्स बाजारात आहेत. चार दिवस चालतात, मग यादीत येतात. 2016 च्या ऑगस्टमध्ये फेसबुकनं ब्लॉकरला चकवा दिला होता, तो ॲडब्लॉक प्लसच्या मंडळींनी दोनच दिवसांत मोडला. तुमच्याकडे फेसबुकएवढे इंजिनिअर आहेत? शिवाय जाहिरातीच्या कोडात ढवळाढवळ म्हणून गूगलच तुम्हाला बाहेर काढेल ते वेगळंच.

'ॲक्सेप्टेबल ॲड्स' ही 2011 पासूनची योजना: साध्या, न हलणाऱ्या जाहिराती ॲडब्लॉक प्लस जाऊ देतो. छोट्यांना फुकट. पण यूब्लॉक ओरिजिन तिला मानत नाही. वेळ असेल तर अर्ज करा.

पायरी 4: दुकानदाराची पाटी

दिवाळी अंक आठवा. आतल्या कव्हरवर सराफ, मागे सहकारी बँक, मधे वाटेत मसालेवाले. त्यात स्क्रिप्ट नाही, लिलाव नाही, वाचकाची हेरगिरी नाही. मी तेच केलं. एक रोपवाटिका, एक कोकोपीटवाले आणि एक ठिबकचं सामान विकणारे, तिघांकडून महिन्याचा ठरावीक आकडा घेते. हजार पानांमागे अमुक असा हिशेब त्यांना कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

जाहिरात म्हणजे साधं चित्र, आपल्याच सर्व्हरवरून, त्याला साधा दुवा. दुव्याला 'स्पॉन्सर्ड' हा गुणधर्म लावा, गूगल 2019 पासून तो ओळखतो. वर मराठीत स्पष्ट 'जाहिरात' लिहा. लपवाछपवी नको, वाचकाला कळतंच.

आणि आता तो चौकट लपवणारा नियम. पहिल्या दिवशी रोपवाटिकेच्या मालकांचा फोन आला: "अहो ताई, माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर आपली पाटीच दिसत नाही." चौकटीचं नाव मी सवयीनं 'ॲड-बॅनर' ठेवलं होतं, आणि चित्राच्या फाईलच्या नावात 728 बाय 90 हे जाहिरातीचं ठरलेलं माप. दोन्ही बदलली, चौकट झाली 'वाफा', चित्राचं माप थोडं वेगळं. जाहिराती सांभाळणारी प्लगइन्सही इथे नकोत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोल्डरच्या नावातच 'ॲड' असतं. हाताने चिकटवा. तीन पाट्यांना असा कितीसा वेळ लागतो.

दर कमी सांगू नका. मी सुरुवातीला लाजून फारच कमी सांगितला आणि पुढचं वर्षभर वाढवता आला नाही. गणपतीच्या आधी बोलणी करा, कारण दिवाळीचं बजेट तेव्हा ठरतं, आणि पैसे तीन महिन्यांचे आगाऊ घ्या. दुकानदार मोजणीचा पुरावा मागतात तेव्हा तुळस, झेंडू आणि गवती चहाची बेरीज दाखवते. ब्लॉकरवाला वाचकही त्यांची पाटी बघतोच, हे त्यांना एकदा समजावून सांगावं लागतं.

मोजणी वर्षातून दोनदा पुन्हा करा. 2025 मध्ये क्रोमनं जुनं यूब्लॉक ओरिजिन बंद केलं. काही वाचक त्याच्या लाइट आवृत्तीवर गेले असतील, काही फायरफॉक्सवर. तेव्हा त्याआधी काढलेला तुमचा आकडा आता शिळा आहे.