वीकेंड कर्फ्यूत घरी राहायची वेळ आली तर शनिवार-रविवारच्या या चुका टाळा

शुक्रवारी रात्री १० ला बंद, सोमवारी पहाटे ५ ला सुरू. ७ जानेवारी २०२२ पासून कोरोनामुळे कर्नाटकात असा वीकेंड कर्फ्यू लागला, पण बेळगावकरांना त्याचं तोवर नवल राहिलं नव्हतं. २०२० चा मार्च-एप्रिल झाला, त्याच वर्षीच्या जुलैतले बंद रविवार झाले, मग दुसरी लाट आली. जून २०२१ मध्ये राज्याच्या बऱ्याच भागात १४ तारखेला ढील मिळाली, तरी आपला जिल्हा २१ पर्यंत बंदच होता. म्हणजे सराव दांडगा होता. तरीही पहिला शनिवार-रविवार सरल्यावर गल्लीत आणि फोनवर एकच तक्रार ऐकू येत होती: दोन दिवस घरातच होतो, आणि सोमवारी दमून उठलो.

यात कोडं काही नाही. बाहेरचं सगळं बंद झालं की बाहेरचं कामही घरात येतं. नाष्टा घरात, चहा चार वेळा घरात, पोरांची करमणूक घरात, आणि ते सगळं बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडतं. सुट्टी शांत जायची असेल तर आधी काम कमी करावं लागतं. आपण नेमकं उलटं करतो: बंद लागला की सणासारखा बेत आखतो. त्यात त्या आठवड्यात खरोखरच सण होता. गुरुवारी भोगी, शुक्रवारी संक्रांत, आणि त्याच रात्रीपासून कर्फ्यू.

नियम कुठल्या राज्याचा ते बघा

ही चूक फक्त आपल्याच भागात होते. टीव्ही लावला की मुंबई-पुण्याच्या बातम्या. भाषा आपली, माणसं आपली, आदेश मात्र आपला नव्हे. १० जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात रात्री ११ ते पहाटे ५ फिरायला बंदी आणि दिवसा पाच किंवा जास्त जणांच्या जमावाला बंदी, असा नियम होता. शनिवार-रविवारचा बंद तिकडे नव्हता. शिनोळीची सीमा ओलांडली की शनिवार नेहमीसारखा, अलीकडे कर्फ्यू. मग गडहिंग्लजहून धाकट्या बहिणीचा फोन येतो, "अक्का, आमच्यात सगळं सुरू हाय की! तुमच्यातच कसला बंद?" आणि अक्काच्या घरात कुणीतरी गाडीची किल्ली शोधायला लागतं.

आदल्या वर्षीही हेच झालं होतं. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात किराणा सकाळी ७ ते ११ सुरू होता, आपल्याकडे २७ एप्रिलपासून ६ ते १०. साडेदहाला पिशवी घेऊन गणपत गल्लीत निघालेल्या माणसाने पोलिसांना मुंबईचा नियम सांगून काय होणार?

तेव्हा बातमी ऐकली की आधी ती कुठली ते बघा. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश काय आहे ते बेळगावच्या मराठी पेपरात सकाळी येतंच. मूळ आदेश कन्नडात असला आणि घरातल्या मोठ्यांना वाचता येत नसला, तर शाळेत कन्नड शिकणाऱ्या पोराला वाचायला बसवा. त्यालाही जरा भाव मिळतो. मोबाईलवर फिरणारे जुने आदेश ओळखायची तेव्हा एक सोपी खूण होती: ‘शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी सकाळी ६’ असं लिहिलेलं असलं तर तो एप्रिल २०२१ चा.

याच्याच पोटात दुसरी चूक, संक्रांतीला पलीकडच्या पाहुण्यांना बोलावणं. ‘लसीचे दोन डोस झालेत, कोण अडवतंय’ हे गणित कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर चालत नव्हतं. महाराष्ट्रातून येणाऱ्याला कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागत होता, डोस झालेले असले तरी. रिपोर्ट नसलेल्या मेव्हण्याला नाक्यावरून परत फिरवलं, की त्या रुसव्याला वीकेंड पुरत नाही.

शुक्रवारची झुंबड

त्या वेळी किराणा, दूध, भाजी, फळं, मटण, औषधं शनिवार-रविवारीही मिळत होती. हॉटेलातून पार्सलही मिळत होतं. तरी शुक्रवारी संध्याकाळी रविवार पेठेत आणि भाजी मार्केटात अशी गर्दी, की जणू सोमवारी दुकानं उघडणारच नाहीत. ज्या गर्दीपासून वाचायला कर्फ्यू, तीच गर्दी आपण आदल्या संध्याकाळी करतो. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही. यादी लिहा, एकानेच जा, शक्य तर सकाळी जा.

घरी आणलेल्या भाजीचं मात्र बोलायला हवं, कारण स्वस्त मिळाली म्हणून उचललेल्या पाच पेंढ्या मेथीच्या रविवारी दुपारी पिवळ्या पडतात. पालेभाजी आणल्या आणल्या धुऊन ठेवायची नाही. ओल राहते आणि पानं चिकट होतात. निवडा, कोरडीच पेपरात गुंडाळा, धुवायची ती चिरण्याआधी. गाजर-मुळ्याचा पाला लगेच कापून टाका, नाहीतर तो मुळातलं पाणी ओढत राहतो. कांदा आणि बटाटा एका टोपलीत नको, बटाट्याला कोंब फुटतात. ओला हरभरा आणि पावटा सोलायचं काम टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांना वाटून द्या. भोगीच्या भाजीतून उरलेलं शनिवारच्या आमटीत जातं, वेगळी भाजी करायचं कारण उरत नाही. आणि भाजी साबणाच्या पाण्यात धुण्याचं २०२० मधलं वेड अजून कुणाच्या घरी असेल तर ते सोडा. साबण पोटात जायची वस्तू नव्हे, साधं स्वच्छ पाणी पुरतं.

स्वयंपाकघराचं हॉटेल करू नका

सकाळी इडली, दुपारी गुळपोळी, चारला भजी, रात्री पावभाजी. असा फळा एखाद्या घरात लागला की त्या घरातली बाई रविवारी रात्री कुणाशी धड बोलत नाही, आणि तिचं चुकतही नाही. दिवसाला एकच मोठा पदार्थ ठेवा. दुसऱ्या वेळेला भात-आमटी, भाकरी आणि शेंगाची चटणी. तक्रार करणाऱ्याला भांडी घासायला द्या.

जो एक पदार्थ करणार तो बिघडू नये म्हणून हे.

इडलीचं पीठ फुगत नाही, ही जानेवारीतली नेहमीची ओरड. पिठाला २७ ते ३२ अंशांची ऊब लागते आणि आपल्याकडे रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो. रात्री दहाला दळून सकाळी सातला इडली मागणं म्हणजे पिठावर अन्याय आहे. डाळ-तांदूळ कोमट पाण्यात भिजवा, उडदाबरोबर चमचाभर मेथ्या घाला, दुपारीच दळा आणि भांडं गोधडीत गुंडाळून गॅसच्या कट्ट्याजवळ किंवा बंद कपाटात ठेवा. १४-१५ तास लागू शकतात. सकाळी पीठ निम्मंच वर आलं असेल तर सोडा ओतू नका. त्या दिवशी उत्तप्पे करा, इडली उद्या.

तिळाचे लाडू वळेनात, याचं कारण बहुतेक वेळा गुळात असतं. दुकानदार चिक्कीचा गूळ देतो आणि आपण त्याचे मऊ लाडू करायला जातो. तो गूळ पटकन कडक होतो, वडीला आणि चिक्कीला बरा. मऊ लाडवाला साधा गूळ. वाटीभर तिळाला पाऊण वाटी गूळ पुरतो. पाकाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकून बघा: मऊ गोळी झाली की लाडवाचा, टणक होऊन मोडला की वडीचा. थेंब पाण्यात विरघळला तर पाक कच्चा, लाडू बसणारच नाहीत. मिश्रण मध्येच घट्ट झालं तर टाकून द्यायची गरज नाही. कढई मंद गॅसवर मिनिटभर परत ठेवा, हाताला तूप लावा आणि दोघातिघांनी मिळून वळा. हे काम एकट्याचं नव्हेच.

गुळपोळी फुटते ती गुळातल्या खड्यांनी. गूळ बारीक किसणीने किसा, भाजलेलं बेसन आणि तिळकूट घालून चांगला मळून घ्या. कणीक आणि सारण दोन्ही सारखंच घट्ट हवं. एक मऊ आणि एक कडक झालं की कडा कोऱ्या राहतात आणि मधेच पोळी उलते. गूळ तव्यावर गळला तर ओल्या फडक्याने तवा पुसूनच पुढची पोळी टाका, नाहीतर जळका वास सगळ्या चवडीला लागतो.

घरात कुणी खोकायला लागलं तर

शांत वीकेंडच्या मधोमध हे होणार, असं धरूनच चाला. घाबरून केलेले उपाय जास्त त्रास देतात.

वाफेने विषाणू मरत नाही. नाक मोकळं होतं, एवढंच. पण उकळतं पातेलं मांडीजवळ घेऊन, वर टॉवेल ओढून, शेजारी लहान मूल बसवून वाफ घेतल्याने भाजल्याच्या घटना कोरोनाच्या काळात ठिकठिकाणी झाल्या. पोरांना वाफ देऊच नका. मोठ्यांनी घ्यायचीच तर भांडं टेबलावर, पोरं दुसऱ्या खोलीत.

काढा दिवसातून चारदा पाजून आजोबांना ॲसिडिटी करून ठेवू नका. सॅनिटायझर हाताला लावून लगेच गॅस पेटवू नका. त्यात सत्तर टक्के अल्कोहोल असतं, आणि स्वयंपाकघरात साबण असतोच. सगळ्यात धोक्याची गोष्ट: बाथरूम ‘एकदम स्वच्छ’ करायला ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराइट आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र ओतणं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छाती भरते, डोळे चुरचुरतात. एका वेळी एकच वस्तू वापरा, ती पाण्याने पूर्ण धुऊन गेल्याशिवाय दुसरी नको. चुकून मिसळलंच तर वास घेत उभं राहू नका. दार-खिडकी उघडून बाहेर या.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो तेव्हा बऱ्याचदा बोट गार असतं. थंडीत हात चोळून ऊब आणा, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं बोट निवडा, पाच मिनिटं बसून मग मोजा. तासाभरात तीनदा ९३ किंवा त्याखाली आलं तर मात्र सोमवारची वाट बघायची नाही. दवाखान्याला जायला कर्फ्यू आडवा येत नव्हता.

पोरं, म्हातारी माणसं आणि एकच टीव्ही

पोरांचं वेळापत्रक भिंतीवर लावणारे बाप शनिवारी सकाळी अकरापर्यंत टिकतात. पोरं कंटाळली तर कंटाळू द्या, तासाभराने ती आपली आपण काहीतरी काढतात. जास्त अडचण आजोबांची आहे. त्यांचा कट्टा बंद, देऊळ बंद, आणि घरात रिमोट पोराच्या हातात. त्यांना एक नेमकं काम द्या: दूध घेणं, झाडांना पाणी, पेपर वाचून दाखवणं. आणि दिवसातली एक ठरलेली वेळ टीव्ही त्यांचाच. बातम्यांना मात्र सकाळी एकदा, रात्री एकदा, एवढीच मुभा. दिवसभर लाल पट्टी पळत राहिली की घरातला प्रत्येक जण कारण नसताना खेकसतो.

एक सांगायला हवं. शांत वीकेंड हा पगार चालू असणाऱ्यांचा प्रश्न आहे. वडगाव-खासबागेत विणकरांचा माग थांबला की गल्ली शांत होते, पण ती शांतता तिथे कुणाला नको असते. घरकामाच्या मावशींना बंदच्या दिवसांची रजा द्या, पैसे कापू नका.

फोन अडकतो, चित्र गोठतं

पाहुणे येऊ शकत नाहीत म्हटल्यावर तिळगूळ व्हिडिओ कॉलवर, हे ओघाने आलं. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांच्या मातीच्या जाड भिंतींतून वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. त्यात राउटर टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवलेला असतो. तो घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्यावर ठेवा. मोबाईलमध्ये त्याच राउटरची दोन नावं दिसत असतील तर आतल्या खोलीतून २.४ गिगाहर्ट्झचं घ्या, ते भिंतीतून बरं जातं. राउटरच्याच खोलीत असाल तर ५ चं, ते वेगवान. मायक्रोवेव्ह सुरू असताना २.४ वर चित्र अडखळतं. तरीही गोठलं तर आधी आपलं चित्र बंद करून नुसता आवाज ठेवा. वीज जाण्याची शक्यता धरून फोन आधीच भरून ठेवा. राउटर इन्व्हर्टरवर घेता येतो, मिक्सर मात्र त्यावर लावू नका.

झूमवर सगळी घरं एकत्र आली की फुकटची बैठक ४० मिनिटांत तुटते. तेव्हा आत्याला पहिल्यांदा बोलू द्या, ती शेवटी बोलली तर अर्ध्यावर तुटते आणि ‘मुद्दाम कापलं’ म्हणून पुढच्या संक्रांतीपर्यंत ऐकवते. मामांना म्यूट कुठे असतं ते आदल्या दिवशीच दाखवून ठेवा.