हालाचं हँडल उघडण्याआधी

सातवाहन राजा हाल याच्या नावाने सोशल मीडियावर हँडल काढून त्याच्या गाथासप्तशतीतल्या, म्हणजे दोन-दोन ओळींच्या सातशे प्राकृत कवितांच्या संग्रहातल्या, गाथा टाकणार असाल तर आधी प्रत ठरवा. गाथासप्तशतीची संहिता एकच एक नाही. हस्तलिखितांच्या परंपरा वेगवेगळ्या, सगळीकडे सापडणाऱ्या गाथा साधारण ४३०. क्रमांक टाकणार असाल तर तो कुठल्या आवृत्तीतला, हे वहीत लिहून ठेवा. स. आ. जोगळेकरांची १९५६ ची प्रत समोर असू द्या, पण पोस्टमधलं मराठी तुमचं स्वतःचं हवं.

मग बायो. ‘राजा’ नको. तिसरी गाथा सांगते की कोटीभर गाथांमधून ‘कविवत्सल’ हालाने सातशे निवडल्या. म्हणजे हा सातवाहन आपल्या भाषेत ॲडमिन. तेव्हा ‘कविवत्सल, पैठण’ एवढं पुरे. सगळंच त्याच्या नावावर खपवू नका. टीकाकारांनी गाथांपुढे कवींची नावं दिली आहेत, त्यांत रेवा, अनुलक्ष्मी अशा बायकाही आहेत. नाव मिळेल तिथे टॅगसारखं खाली टाका.

टायपिंगसाठी ऑटोकरेक्ट बंद करा, हे विसरू नका. ‘अत्ता’ म्हणजे सासू. ‘अत्ता एत्थ णिमज्जइ’, सासू इथे झोपते, असं सून वाटसरूला सांगते. माझ्या फोनने ‘अत्ता’चं ‘आत्ता’ करून टाकलं आणि सासूच गायब झाली. गोदावरीची ‘गोला’ही अशीच ‘गोळा’ होते. पोस्ट करण्याआधी दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. पहिल्या ओळीत ३० मात्रा, दुसरीत २७, अडखळलं की चूक सापडते.

पहिल्या दिवसासाठी ‘भम धम्मिअ’ राखून ठेवा. बाई एका बुवाला सांगते: आता बिनघोर फिरा महाराज, तो कुत्रा आज मेला, गोदाकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने मारला. कुत्र्याला भिणारा बुवा सिंहाचं ऐकून तिकडे फिरकेल का? आणि तिला त्या झाडीत कोण भेटणार आहे? नवव्या शतकात काश्मिरात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. स्टेटस सगळ्यांना दिसतं, असतं मात्र एकासाठीच. त्यातलाच हा प्रकार. म्हणून कॅप्शनमध्ये अर्थ फोडू नका, ‘समजलं का?’ असं विचारू नका, डोळा मारणारी इमोजी तर नकोच नको. गाथा, खाली साधं मराठी, बस्स.

फोटो आपला आपण काढा. पैठणला गेलात तर जायकवाडीची भिंत चौकटीबाहेर ठेवा. लव्हाळं, चिखल, पायवाट चालेल. ‘चिखल’ हा शब्दही प्राकृतातूनच आला आहे, त्याची वेगळी स्टोरी करता येईल. मुकुटवाला राजा नको, तो सगळ्या सिरियलींत आहेच.

‘हे असलं चावट राजाला शोभतं का’ ही कमेंट पहिल्या तासात येईल. भांडत बसू नका, दुसरी गाथा पिन करा: प्राकृत काव्याचं अमृत वाचता येत नाही, ऐकता येत नाही, तरी कामशास्त्रावर बोलतात, यांना लाज कशी वाटत नाही? सासूवाली गाथा रात्री दहानंतर टाका.

आणि ‘गोदाकाठी खरंच सिंह होते का?’ असं कुणी विचारलं तर गप्प बसा. तो बुवाही हाच विचार करत घरी परतला असेल.