बेस शिकायचाय? जॉन डीकनला कान द्या

मी ठाण्यात बेस गिटार शिकवतो, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो. नवी पोरं आली की पहिली मागणी असते अंगठ्यानं तार आपटायचं शिकवा. मी त्यांना आधी ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या बेसवादकाचं, जॉन डीकनचं, काम ऐकायला लावतो. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथल्या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्याच्या मागे उभा राहून गाणं पेलणाऱ्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मुलाचं, डीकनचं, नाव मात्र फारसं कोणी घेत नाही.

सुरुवात १९८० च्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’पासून करा. गाणं डीकननंच लिहिलंय, आणि त्यावर ‘शीक’ या डिस्को बँडचा बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स याची छाप उघड दिसते. मूळ लय साधारण मिनिटाला ११० ठोक्यांची. तुम्ही मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) ७० वर ठेवा. सर्वांत जाड, म्हणजे ई ची तार मोकळी छेडा: एक, दोन, तीन. चौथ्या मात्रेवर काही नाही. बस्स, एवढंच.

गंमत अशी की मोकळी तार आपोआप थांबत नाही. तिला डाव्या हातानं थांबवावं लागतं, बोटं तारेवर नुसती टेकवून. दाबलीत तर भलताच सूर येईल. प्रत्येक ठोका किती वेळ वाजायचा हे तुम्ही ठरवायचं, तारेनं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका: चौथ्या मात्रेवर गुणगुण शिल्लक असेल तर पुन्हा. दोन ठोक्यांमधली जागा स्वच्छ झाल्याशिवाय मी पुढचे सूर दाखवत नाही. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

मग १९८१ चं ‘अंडर प्रेशर’. सात ठोके: सहा डी, शेवटचा ए. दोन्ही सूर पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या घरांपैकी पाचव्या घरात), शेजारशेजारच्या तारांवर, म्हणून एकच बोट आडवं ठेवलं तरी भागतं. बोट एका तारेवरून दुसरीकडे कलताना पहिली तार गप्प करायला विसरू नका. हे गाणं गायक डेव्हिड बोवीबरोबर स्वित्झर्लंडच्या माँत्रोमध्ये रेकॉर्ड झालं. क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर सांगतो, सगळे पिझ्झा खायला गेले आणि परत येईपर्यंत डीकन ती ओळच विसरला. ती टेलरच्या लक्षात राहिली. तुम्हाला काही सुचलं तर जेवायला उठण्याआधी मोबाइलमध्ये टाका.

‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ (१९७५) त्यानं बायकोसाठी लिहिलं. मर्क्युरीला इलेक्ट्रिक पियानो आवडत नव्हता, म्हणून डीकन तो स्वतः वाजवायला शिकला. बेसवाल्याला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, कळले पाहिजेत. घरात पेटी असेल तर सी, ई, जी एकत्र दाबून धरा आणि बेसवर आधी सी, मग ई, मग ए वाजवून बघा. पेटी तीच, पण खालचा सूर बदलला की वरचा रंग बदलतो. हे एकदा कानाला कळलं की पाठ केलेल्या पॅटर्नची गरज कमी होते.

गिटारच्या तंत्रापलीकडचं थोडं. डीकन १९७१ मध्ये क्वीनमध्ये आला तो चौथा बेसवादक म्हणून. लंडनच्या चेल्सी कॉलेजातून त्यानं पहिल्या वर्गात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली होती. कचऱ्यात टाकलेल्या सर्किटमधून त्यानं नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) बनवला, आणि त्याच्यातून क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानं रेकॉर्डिंगमध्ये गिटारीतून बँडबाजासारखे आवाज काढले. तुम्ही निदान सोल्डरिंग शिका. जॅकची वायर ऐन हळदीच्या कार्यक्रमात सुटते आणि दुरुस्तीवाला त्या वेळी जेवत असतो.

शेवटचा गृहपाठ: १३ जुलै १९८५ चा लंडनच्या वेम्बलीतला ‘लाइव्ह एड’ कार्यक्रम, त्यातलं क्वीनचं वादन, आवाज बंद करून बघा, नजर फक्त डीकनवर. मग तुमच्या पुढच्या कार्यक्रमात ड्रमरच्या हाय-हॅटच्या (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या) बाजूला, त्याचा उजवा पाय दिसेल असे उभे राहा. किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि तुमचा ठोका एकाच वेळी पडतोय का, हे तिथून डोळ्यांनीही कळतं. फोटोग्राफर पुढे यायला सांगेल. जाऊ नका.