जर्मनीत फ्रायबुर्गला ऑलसॅटवर, म्हणजे खऱ्या-खोट्या व्हेरिएबल्सच्या सूत्राची सगळी उत्तरं शोधण्यावर, काम करायला येताय?

घर मिळालं की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) उरका. घरमालकाच्या सहीचा कागद किल्ली घेतानाच मागा. टीव्ही नसला तरी महिन्याला १८.३६ युरो रेडिओकर येतो, घरात तिघं असाल तर एकानेच भरायचा. रविवारी दुकानं बंद. बाकी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळेलच, अर्धं ऐकीव असतं एवढं लक्षात ठेवा. इथल्या जुन्या शोधनिबंधांवर ऑस्ट्रियातलं लिंत्स दिसलं तर गोंधळू नका; इथले प्राध्यापक आर्मिन बीरे २०२१ मध्ये तिथून आले.

आता कामाचं. आपली मुलं कोडिंगला पक्की, म्हणून आल्या आल्या एकच करतात: सॉल्व्हरकडून (सूत्र खरं करणारं एक उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) उत्तर घ्यायचं, ते पुन्हा येऊ नये म्हणून ब्लॉकिंग क्लॉज (‘किंवा’ने जोडलेली अट) टाकायचा, परत चालवायचं. छोट्या उदाहरणावर झकास. पण ‘वीसपैकी किमान एक व्हेरिएबल खरं’ एवढाच क्लॉज घ्या. उत्तरं १०,४८,५७५, आणि मेमरीत जवळपास तेवढेच वीस-वीस लिटरलांचे (लिटरल म्हणजे व्हेरिएबल किंवा त्याचा नकार) क्लॉज. तीच उत्तरं वीस ओळींत मावतात: पहिलं खरं, बाकी काहीही; पहिलं खोटं, दुसरं खरं, पुढची काहीही; असं शेवटपर्यंत. एकही उत्तर दोन ओळींत येत नाही, म्हणून मोजणीही चुकत नाही. क्लॉज न साठवता शेवटचा निर्णय उलटवत मागे येण्याची क्रोनॉलॉजिकल बॅकट्रॅकिंगची वाट आधी शिका. नादेल आणि रिव्हचिन यांनी २०१८ मध्ये ती आधुनिक सॉल्व्हरांत परत आणली. उत्तर नसलेल्या भागात ती रेंगाळते, हे खरं.

पुढचं दोनदा वाचा. सूत्र सीएनएफमध्ये, म्हणजे क्लॉजच्या यादीत, मांडताना आलेली जादा व्हेरिएबल्स उत्तरात धरू नका! त्साइटिनच्या दुहेरी रूपांतरात (जादा व्हेरिएबल आणि सूत्राचा तो भाग दोन्ही बाजूंनी बांधलेले) ती मूळ व्हेरिएबल्सवरूनच ठरतात, नुसतं ओझं होतं. प्लेस्टेड-ग्रीनबाउमच्या एकेरी (एकाच बाजूने बांधलेल्या) रूपांतरात मात्र ती मोकळी राहू शकतात आणि एकच उत्तर अनेकदा मोजलं जातं. एका मुलीला यापायी प्रबंधातले सगळे तक्ते नव्याने करावे लागले. ब्लॉकिंग क्लॉजसुद्धा मूळ व्हेरिएबल्सचाच. फक्त मूळ व्हेरिएबल्सकडे बघणं म्हणजेच प्रोजेक्शन. प्रोजेक्शन, प्रोजेक्शन, प्रोजेक्शन.

शुद्ध लिटरल (सूत्रात ज्याचा नकार कुठेच येत नाही ते) आधीच काढणारं प्रीप्रोसेसिंग बंद ठेवा. उत्तर आहे की नाही ते बदलत नाही, पण उत्तरं गळतात. नुसता आकडा हवा असेल तर मॉडेल काउंटर (उत्तरं न काढता फक्त मोजणारा प्रोग्रॅम) वापरा.

इथले सहकारी ‘हे चूक आहे’ असं तोंडावर म्हणतात. राग नसतो त्यात. न समजता मान डोलावणारी आपली मंडळीच मागे पडतात. तेव्हा छोट्या सूत्रांचं ट्रुथ टेबल काढून आकडा जुळवा, मगच मीटिंगला जा.